उलटं वाळं

१

पहाटे साडेपाचला वहिनी शेगडी पेटवायची. सहाला नणंदबाई उठून यायच्या आणि म्हणायच्या, "मीच पेटवणार होते." वहिनी म्हणायची, "उद्या तुम्ही पेटवा, वन्सं." दोन हिवाळे हे रोज चाललं होतं आणि शेगडी रोज वहिनीच पेटवत होती.

दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, जाऊन दोन वर्षं झाली होती. दलदलीच्या कडेचं हे दोन खोल्यांचं घर, त्यातलं लांब टेबल, भिंतीवरच्या खुंट्यांना टांगलेल्या कापडी थैल्या आणि बावीस हिवाळ्यांच्या बावीस नोंदवह्या एवढं तो मागे ठेवून गेला होता. थंडीत लांबून उडत आलेले छोटे पक्षी पलीकडच्या लव्हाळ्यात उतरायचे. त्यांना बारीक जाळीत धरायचं, पायात आकडा कोरलेली अॅल्युमिनियमची कडी घालायची, पंख मोजायचा, वजन करायचं आणि सोडून द्यायचं. कडीला दादा वाळं म्हणायचा, म्हणून घरात सगळे वाळंच म्हणत. वाळी तारेत ओवून यायची, शंभरांची एक माळ, आकडे ओळीने. आकडा लांबलचक असे, पण तोंडात शेवटचे तीन अंकच असत. पुढे कधी तोच पक्षी पुन्हा जाळ्यात आला की तो 'परतलेला'. सगळा खटाटोप या परतलेल्यांसाठी होता.

नणंदबाईंनी एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. दुसऱ्याच्या चुका शोधायचा त्यांना पगार मिळायचा, आणि निवृत्तीनंतर हे काम त्या फुकटात करत होत्या. थंडीने बोटांचे सांधे धरायचे, म्हणून यंदा त्यांनी आपली पक्कड खणात ठेवून दिली होती. वाळी वहिनी घालायची आणि त्या नोंदवही लिहायच्या.

वहिनी डावखुरी. डाव्या हातात पक्कड धरली की वाळं उलटं बसायचं. पक्षी सरळ उभा असला तर आकडे डोक्यावर उभे. दादा तिला चिडवायचा, की तुझा पक्षी शीर्षासन करेल तेव्हाच त्याचा आकडा वाचता येईल. तो शेवटपर्यंत चिडवत राहिला आणि ती शेवटपर्यंत उलटीच वाळी घालत राहिली. त्यामुळे जाळ्यात आलेलं वाळं उलटं दिसलं की ते वहिनीचं, यात कुणाला शंका नसायची.

यंदा मुख्य कार्यालयातून पत्र आलं होतं. गेल्या हिवाळ्यात परतलेले पक्षी अवघे तीन. यंदा निदान दहा मिळाले नाहीत तर केंद्र बंद होईल आणि नोंदवह्या गोदामात जातील. नणंदबाईंनी ते पत्र तीनदा वाचलं, दोन चुका काढल्या आणि मग खोलीत जाऊन रडल्या. त्या वह्यांत दादाचं अक्षर होतं. त्याच्यामागे त्यांच्यापाशी तेवढंच उरलं होतं.

२

तो दिवस धुक्याचा होता. आदल्या दिवशी तीनशे एकतीसपर्यंत वाळी घालून झाली होती. वहिनीने पहिल्या थैलीत हात घालून एक वटवट्या बाहेर काढला, बोटांत नीट धरला आणि पाय उजेडाकडे वळवला.

"परतलेला," ती म्हणाली. "तीनशे अडतीस."

नणंदबाईंनी तीन, तीन लिहिलं आणि पेन थांबलं. तीनशे अडतीस अजून घातलंच नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाच म्हणून सांगितलं. वहिनीने पुन्हा तेच वाचलं, त्याच आवाजात. मग त्यांनीच उठून पाहिलं. आकडे उलटे होते. वाळं जुनं होतं. कडा झिजून कागदासारख्या पातळ झालेल्या, कोरलेले अंक बुजत आलेले. पाण्यात, लव्हाळ्यात पाच-सहा वर्षं फिरलं की वाळ्याची अशी दशा होते. पक्ष्याच्या त्या पायाचं मागचं बोट वाकडं होतं. नणंदबाईंनी मोबाइलवर फोटो काढला.

वहिनीने पंख मोजला, वजन सांगितलं, खिडकीची फळी सरकवली आणि पक्षी सोडून दिला. पक्षी उगाच धरून ठेवायचा नाही हा दादाचा नियम होता, त्यामुळे बोलायला वेळच उरला नाही. पुढची थैली उघडताना वहिनी एवढंच म्हणाली, "लिहिलंत ना, वन्सं?"

नणंदबाईंनी लिहिलं. पण त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हाच.

३

वहिनी पाणी भरायला गेल्यावर त्यांनी वाळ्यांचा डबा उघडला. माळ जागेवर होती. तारेच्या टोकाला कारखान्याचं मेणाचं सील होतं, तेही तसंच. त्यांनी नखाने एकेक वाळं सरकवत मोजलं. तीनशे बत्तीस, तेहेतीस, चौतीस. तीनशे अडतीस तिथेच होतं, कोरं करकरीत, उघड्या तोंडाचं.

म्हणजे एकाच आकड्याची दोन वाळी होती. कारखान्याची चूक, त्यांनी स्वतःला सांगितलं. छापखान्यात एकाच पानाच्या दोन प्रती उलटसुलट लागल्याचं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण कारखान्याची चूक उलटी कशी बसेल? उलटं वाळं घालणारे हात या दलदलीवर एकाच बाईचे होते.

मग हिशोब सोपा झाला. दहा परतलेले हवे होते. वहिनीने कुठूनतरी जोडीची वाळी करवून घेतली असणार, कानशीने घासून जुनी केली असणार, आणि जाळ्यावर पुढे जाऊन पक्ष्यांच्या पायात अडकवली असणार. केंद्र वाचवायला. हेतू चांगला, कबूल. पण एक खोटं वाळं कार्यालयाला सापडलं तर बावीस वर्षांच्या सगळ्याच वाळ्यांवर कोण विश्वास ठेवेल? दादाचं आयुष्य खोटं ठरेल, आणि तेही त्याच्या बायकोच्या हातून.

फक्त एक गोष्ट जमत नव्हती. वहिनी जाळ्यावर एकटी कधी गेलीच नव्हती. घर आणि लव्हाळं यांच्यामध्ये पाण्याचा खोल चर होता आणि त्यावर एकच लांब फळी. हिवाळ्यात तिच्यावर दव गोठायचं. म्हणून दादाने नियम घातला होता, की दोघांनी जायचं. एकाने कमरेला दोर बांधून फळी ओलांडायची, दुसऱ्याने अलीकडे दोर धरून उभं राहायचं. पलीकडच्या खांबाला घंटा होती. पोचलं की एक टोला, परत निघताना दुसरा. हा दोर रोज नणंदबाईच धरत होत्या, आणि दोन टोल्यांमध्ये पक्षी थैलीत घालण्यापुरताच वेळ जाई.

हे जमत नव्हतं, म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं. संशय एकदा घरात शिरला की पुराव्यावाचून उपाशी राहत नाही, मिळेल ते खातो.

४

दोन दिवसांनी माळेवरचं खरं तीनशे अडतीस आलं. थैलीतून त्याच वर्षी जन्मलेलं पिल्लू निघालं, पिसं अजून मऊ. वहिनीने वाळं चढवलं, डाव्या हाताने मिटवलं, आणि नणंदबाईंना पाय दिसला. मागचं बोट वाकडं होतं.

त्यांनी मोबाइल उघडून फोटो पाहिला. तेच बोट, तसंच वळलेलं. फोटोतलं वाळं मात्र झिजलेलं, आणि टेबलावरचं इतकं नवं की त्यात खिडकी दिसत होती. मग छापखान्यातली बाई जागी झाली आणि म्हणाली, वाकड्या बोटाचं पिल्लू मुद्दाम निवडलं आहे, तुला घाबरवायला. त्यांना ते पटलं. पटवून घेतल्यावर बरं वाटलं.

त्यानंतर तीनशे चाळीस आलं, झिजलेलं आणि उलटं. मग तीनशे चव्वेचाळीस, मग शेहेचाळीस. माळ तेव्हा कुठे एकेचाळीसवर होती. वहिनी दरवेळी संथपणे वाचायची, "परतलेला," आणि नणंदबाई फोटो काढून लिहायच्या. यंदाचे साधे परतलेले धरून सात झाले. एरवी सात झाले असते तर दोघींनी काहीतरी गोड केलं असतं. वहिनीने तसं सुचवलं नाही, आणि सुचवलं नाही म्हणूनही नणंदबाईंना तिचा संशय आला.

आता त्या डबा उशाशी घेऊन झोपू लागल्या. दुपारी पडल्या पडल्या त्या भिंतीपलीकडचे आवाज ऐकायच्या. एका दुपारी पलीकडून खरखर ऐकू आली, बारीक, थांबून थांबून. कानस धातूवर घासल्यासारखी. त्या अनवाणी उठल्या आणि दार लोटलं.

वहिनी टेबलापाशी रिकाम्या हातांनी बसली होती. तीही कान देऊन ऐकत होती. टेबलावर काही नव्हतं. खरखर थांबली नव्हती, ती भिंतीकडून येत होती. शेवटच्या खुंटीवरची थैली आतून कुणी ओरखडावी तशी हलत होती. सकाळचे सगळे पक्षी तर दहा वाजताच सोडले होते.

वहिनीने उठून थैली काढली आणि उलटी केली. आतून एक पीस पडलं. "राहून गेलं असेल," ती म्हणाली. पीस कसं खरखरेल, हे नणंदबाईंनी विचारलं नाही. आपण दार लोटायच्या आधी हिने कानस कुठे लपवली असेल, एवढाच विचार त्या करत राहिल्या.

५

पुढच्या सकाळी आलेला पक्षी धोबी होता, चांगला भरलेला, शेपूट सारखी वरखाली करणारा. वहिनीने पाय पाहिला आणि पहिल्यांदाच तिचा आवाज बदलला.

"तीनशे सत्तेचाळीस. वन्सं, हे सुलटं आहे."

नणंदबाईंनी भिंग घेतलं. वाळं बाकीच्यांसारखंच झिजलेलं, पण आकडे सरळ उभे होते. आणि मिटलेल्या तोंडाच्या बाजूला एक बारीक तिरपी रेघ होती, घासून गुळगुळीत झालेली. ती रेघ त्यांच्या ओळखीची होती. त्यांच्या पकडीच्या जबड्याला खूप वर्षांपूर्वी, सुट्टीत त्या इथे वाळी घालायला येत तेव्हा, एक खाच पडली होती. दादाने नवी पक्कड आणून देतो म्हटलं होतं आणि त्यांनी नको म्हटलं होतं. त्या पकडीने मिटवलेल्या प्रत्येक वाळ्यावर अशी रेघ उठायची. हातच्या कांकणाला आरसा कशाला? हे वाळं त्यांचंच होतं.

आणि त्यांनी या हिवाळ्यात पक्कड हातातही घेतली नव्हती.

धोबी उडून गेल्यावर त्यांनी खण उघडला. पक्कड फडक्यात गुंडाळलेली, वर धुळीचा थर. धूळसुद्धा शहाण्या माणसाला परत पसरता येते. नणंदबाईंना सगळं लख्ख दिसलं. उलट्या वाळ्यांवरून आपण पकडल्या जाऊ हे वहिनीच्या लक्षात आलं होतं, म्हणून आता उजव्या हाताने, नणंदेच्या पकडीने वाळी घालायची. उद्या चौकशी झाली तर बोट कुणाकडे? ज्या बाईला त्यांनी बावीस वर्षं घरची मानलं, ती त्यांच्यावर बालंट आणत होती. त्या दिवशी त्यांनी दुपारी काही खाल्लं नाही.

वहिनीने विचारलं, काय होतंय. त्या म्हणाल्या, सांधे.

६

त्यानंतरच्या सकाळी माळेवर तीनशे शेहेचाळीस आलं. वहिनीने ते एका वटवट्याच्या पायात घातलं, उलटं, नेहमीसारखं. पक्षी सोडला. पुढच्या फेरीची वेळ झाली होती. तिने जाकीट चढवलं आणि खुंटीवरून रिकाम्या थैल्या घेतल्या.

"दोर घेता ना, वन्सं?"

नणंदबाई उठल्या नाहीत. त्यांनी डब्यावर हात ठेवला आणि जे इतके दिवस पोटात होतं ते ओठांवर आणलं. जोडीची वाळी, कानस, वाकडं बोट, पक्कड. त्या मोठ्याने बोलल्या नाहीत. चुका वाचून दाखवाव्यात तशा एकेक वाचत गेल्या. शेवटी म्हणाल्या, की कार्यालयाला मी आजच कळवणार आहे, त्यात तुझं नाव असेल.

वहिनी थैल्या हातात घेऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं नवल होतं.

"मला वाटत होतं तुम्हीच करताय," ती म्हणाली.

"मी?"

"पहिलं आलं तेव्हाच वाटलं. यांच्या वह्या वाचवायला तुम्ही काहीही कराल. आणि उलटी घातलीत, म्हणजे माझं नाव मागे राहावं म्हणून. मला बरं वाटलं, वन्सं. म्हणून गप्प राहिले. तुम्हाला उघडं पाडायचं नव्हतं."

नणंदबाई हसल्या. ते हसू त्यांना पुढे फार दिवस आठवत राहिलं. त्या म्हणाल्या, की चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. आणि म्हणाल्या, की मी या डब्यापासून हलणार नाही, मी उठले की तू आणखी काही करशील.

"मग दोर?"

"ज्याने वाळी घातली त्याने दोरही धरावा."

वहिनीने थैल्या खांद्याला लावल्या. आज जाळी पसरलेली होती आणि त्यात पक्षी अडकलेले असणार. जाळ्यात पक्षी सोडून कुणी घरात भांडत बसत नाही, एवढं दादाने दोघींनाही शिकवलं होतं. ती म्हणाली, "आलेच," आणि दार ओढून घेतलं.

७

नणंदबाईंनी पत्राचा कागद पुढे ओढला. शेगडीवर पाणी उकळत होतं, काचेवर वाफ धरली होती, बाहेर काही दिसत नव्हतं. वहिनीच्या बुटांचा कडक झालेल्या गवतावरचा आवाज ऐकू आला, मग कमी होत गेला. मग बऱ्याच वेळाने घंटेचा एक टोला पडला. पोचली.

पाहा, एकटीलाही जमतं, त्या स्वतःशी म्हणाल्या. म्हणजे आधीही जमलं असेल. तेही पत्रात लिहायला हवं.

लेखी आरोप करायचा तर पुरावा क्रमाने लावायला हवा. त्यांनी मोबाइलमधले फोटो उघडले आणि आकड्यांच्या क्रमाने यादी केली. अडतीस उलटं. चाळीस उलटं. चव्वेचाळीस उलटं. शेहेचाळीस उलटं. सत्तेचाळीस सुलटं. हा शेवटचा कालचाच. आणि आज सकाळी पहिल्या फेरीत आणखी दोन आली होती, रागात त्यांनी ती नीट पाहिलीही नव्हती. तीनशे बावन्न, सुलटं, खाचेची रेघ. तीनशे साठ, सुलटं, खाचेची रेघ.

त्यांनी यादीकडे पाहिलं. शेहेचाळीसपर्यंत वहिनीचा हात, सत्तेचाळीसपासून त्यांचा. त्यांनी माळ उचलली. तारेवर पुढचं वाळं होतं तीनशे सत्तेचाळीस. शेहेचाळीस वहिनीने अर्ध्या तासापूर्वी याच टेबलावर मिटवलं होतं.

पाणी उकळून शेगडीवर सांडलं. ते आवरायला त्या उठल्या नाहीत. या घरात वहिनी असताना सत्तेचाळीसावं वाळं नणंदेला का घालावं लागेल, या एका प्रश्नाभोवती त्यांचं मन फिरत राहिलं आणि उत्तरापाशी यायला तयार होईना. मग त्यांना कळलं, की आपण इतका वेळ कान देऊन बसलो आहोत. दुसरा टोला अजून पडलेला नाही.

८

त्या सपाता घालूनच धावल्या. धुकं इतकं दाट होतं की चराचं पाणी त्यांना आधी ऐकू आलं आणि मग दिसलं. अलीकडच्या खुंट्याला दोर बांधलेला होता. वहिनीने एकटीने जायचं म्हणून खुंट्याला बांधला असणार. तो फळीच्या कडेने पाण्यात उतरला होता आणि सैल होता.

धुकं थोडं विरलं. पलीकडे जाळ्यापाशी वहिनी उभी होती. तपकिरी जाकीट, पाठ इकडे, डावा हात वर करून जाळीतून पक्षी सोडवत होती. नणंदबाईंच्या जिवात जीव आला. त्या खुंट्याला धरून उभ्या राहिल्या.

"वहिनी, चुकलं माझं," त्या ओरडल्या. "ये परत. मी दोर धरते."

पलीकडून तिने न वळता डावा हात थोडा हलवला. थांबा, असं सांगताना ती नेहमी हलवायची तसा.

नणंदबाईंनी दोर हातात घेतला आणि फळीकडे पाहिलं. फळीवर पांढरं दव गोठलं होतं. त्यावर बुटांचे ठसे होते, स्पष्ट, एकामागे एक, फळीच्या मध्यापर्यंत. मध्यावर दव खरवडलेलं होतं. त्यापुढे पलीकडच्या खांबापर्यंत ते अखंड होतं, त्यावर पाऊल पडलेलंच नव्हतं.

त्यांनी मान वर केली तेव्हा धुकं मिटलं होतं. दोर ओढला तर तो हलका हलका येत गेला, आणि शेवटी नुसती ओली गाठ हातात आली.

९

दुपारी माणसं आली, गळ आणि होडी घेऊन. दोन दिवस शोधलं. टोपी सापडली, वहिनी सापडली नाही. चराचं पाणी पुढे दलदलीत जातं आणि दलदल घेतलेलं परत देत नाही, असं होडीवाला म्हणाला. पलीकडच्या जाळ्यात एकही पक्षी अडकलेला नव्हता. सगळे कुणीतरी अलगद सोडवून थैल्यांत ठेवले होते आणि थैल्या खांबाला ओळीने टांगल्या होत्या. होडीवाल्याने त्या पहिल्याच दुपारी आणून टेबलावर ठेवल्या.

थैल्यांत पक्षी जिवंत होते. त्यांना तसं ठेवता येणार नव्हतं. नणंदबाईंनी खण उघडला, पकडीवरचं फडकं सोडलं आणि पहिली थैली घेतली. भरलेला धोबी, शेपूट सारखी वरखाली. त्याच्या पायात तीनशे सत्तेचाळीस मिटवताना त्यांच्या सांध्यांतून कळ गेली. आकडे सरळ उभे राहिले आणि बाजूला बारीक तिरपी रेघ उठली. त्या दिवशी पत्र शेगडीत गेलं. संशय मात्र जाळायचा म्हटला तरी जळत नाही. त्यांनी तो आता स्वतःवर धरला. पहिलं सुलटं वाळं आलं तेव्हाच कुणीतरी बजावत होतं, की शेहेचाळीसनंतर वहिनीचा हात नसेल, आणि आपण ते बालंट म्हणून वाचलं. एकतीस वर्षं वाचण्याचंच काम केलं, आणि हेच नेमकं चुकीचं वाचलं.

त्या हिवाळ्याचे परतलेले एकवीस झाले. कार्यालयाने अभिनंदनाचं पत्र पाठवलं आणि केंद्र चालू ठेवलं. दोर धरायला त्यांनी होडीवाल्याला सांगितलं, आणि तो रोज सकाळी येऊ लागला.

दुसरा हिवाळा आला. न घातलेल्या आकड्यांची वाळी अजूनही येत होती, झिजलेली, सुलटी, त्यांच्याच खाचेची. भीतीसुद्धा रोज आली की सवयीची होते. त्या वाचायच्या आणि लिहायच्या, कारण आता दोन्ही कामं त्यांचीच होती. मग एका सकाळी एक वटवट्या आला, आणि आकडा वाचायला त्यांना मान वाकडी करावी लागली.

पाचशे चौदा. उलटं.

त्यांनी ते वाळं भिंगाखाली पुन्हा पाहिलं आणि पक्षी सोडला. आठवड्याने पाचशे वीस आलं, तेही उलटं. मग तेहेतीस. पाचशे तेरापर्यंत सुलटी येत राहिली, चौदानंतर एकही सुलटं आलं नाही. माळ तेव्हा चारशे साठवर होती. यावेळी नणंदबाईंनी घाईने काही ठरवलं नाही. पाचशे चौदाच्या दिवशी टेबलापाशी कोण असेल, आणि आपण कुठे असू, हे त्यांनी स्वतःला एकदाच विचारलं. काम थांबवायचा विचारही मनात आला. पण जाळ्यात पक्षी होते, आणि शिवाय, खरं सांगायचं तर, थांबावंसं वाटत नव्हतं.

आज धुकं आहे. शेगडी त्यांनी स्वतःच पेटवली. होडीवाल्याने निरोप पाठवला की अंगात ताप आहे, आज येत नाही, तुम्हीही जाळी लावू नका. त्यांनी लावली नाहीत. काल अंधार पडता पडता सापडलेला एक पक्षी रात्रीपुरता थैलीत ठेवला होता, त्याच्या पायात त्यांनी पाचशे तेरा मिटवलं, खिडकी उघडून तो सोडला आणि नोंदवहीत लिहिलं. खिडकी लावायच्या आधी पलीकडून घंटा वाजली. एक टोला, आणि थोड्या अंतराने दुसरा, परत निघताना वाजवायचा तो.

त्यांनी तारेवरचं पुढचं वाळं सरकवून टेबलाच्या मधोमध ठेवलं. खणातून वहिनीची पक्कड काढली, तिला तेल दिलेलंच होतं, आणि ती डाव्या बाजूला ठेवली. मग अंगावर शाल घेऊन त्या दोर धरायला निघाल्या.